तिरपे होणारे विसाजीपंत

रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या कमाविसदारांच्या घरात दर सर्वपित्री अमावस्येला एकच प्रश्न असे. यंदा विसाजीपंत तिरपे होतात की नाही?

विसाजीपंत म्हणजे कमाविसदारांचे मूळपुरुष. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत या मुलखात वसुलीला आले, इथेच राहिले आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर तसबिरीत बसले ते बसलेच. सर्वपित्रीला त्यांच्यापुढे पान वाढायचं आणि घरातल्या सगळ्यांनी हात जोडून उभं राहायचं, ही रीत. आता श्राद्धाचा स्वयंपाक चाखून पाहायचा नसतो, पितरांच्या आधी जिभेला लावला की तो उष्टा होतो. त्यामुळे मीठ सगळं अंदाजाने. आणि आमटीत मीठ कमी पडलं की तसबीर खिळ्यावर एका बाजूला झुकायची. नीलकंठरावांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांच्या वडिलांनीही पाहिलं होतं. खिळा जुना आहे, भिंत ओलसर आहे, पाट सरकवताना भिंतीला धक्का लागतो, अशी कारणं त्यांची मुलगी श्रावणी हिंदीतून सांगायची. ती सायन्स शिकत होती, तिचं कोण ऐकणार? "अधिकारी माणूस होता. जिभेचा पक्का असणारच," असं नीलकंठराव अभिमानाने म्हणत आणि तीस वर्षं ही आमटी न चाखता करणाऱ्या मंदाकिनीबाई खाली मान घालून मिठाचा डबा आणायला जात.

तसबिरीत पंतांचा थाट पाहण्यासारखा होता. डोक्याला लाल पगडी, अंगात जरीकाठी अंगरखा, कमरेला तलवार. अंगरख्याची उजवी बाही कोपरापर्यंत सरकवलेली, हात छातीशी आणि मूठ घट्ट मिटलेली. मनगटाच्या वर चारपाच पांढुरके डाग होते, ते लढाईतले वण. नजर समोर नव्हती, डावीकडे खाली होती, अगदी एकाग्र. ती शत्रूच्या हालचालीवर. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे नाक. सरळ खाली येऊन शेंड्याशी किंचित उजवीकडे वळलेलं, शेजारच्या घरी काय शिजतंय याचा वास घेतल्यासारखं. हेच नाक नीलकंठरावांना होतं, त्यांच्या वडिलांना होतं, चौबे कॉलनीत राहणाऱ्या चुलतभावाला, म्हणजे नरहरला होतं, आणि श्रावणीलाही येऊ घातलं होतं, ज्याची मंदाकिनीबाईंना काळजी होती. नीलकंठराव मात्र या नाकाने आयुष्यभर कांदे सोलत आले.

इथवर सगळं ठीक होतं. माणसाने इथेच थांबावं. पण नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली आणि पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून नुकतेच निवृत्त झालेल्या नीलकंठरावांना लोक एक नवाच प्रश्न विचारू लागले. बँकेतल्या कॅशियरने मोठ्या मायेने विचारलं, "दादा, अब तो आप लोग नागपुर लौट जाएँगे?" दूधवाल्याने विचारलं. शेवटी शेजारी बलदाऊ साहूनेही विचारलं. या साहूचं गोल बाजारात भांड्यांचं दुकान होतं आणि दोघांची चाळीस वर्षांची उठबस होती. तो म्हणाला, "भैया, मकान बेचना हो तो पहले हमको बताना." त्या दिवशी नीलकंठराव जेवले नाहीत.

"मी लौटू कुठं?" ते मंदाकिनीबाईंना म्हणाले. "दोनशे वर्षं होऊन राहिली इथं. नागपुरात मले कुत्रंबी ओळखत नाही."

"तुमाले इथंबी कोण ओळखते?" मंदाकिनीबाई अमरावतीकडच्या. त्या सांत्वन असंच करत.

हा घाव ओला असतानाच वर्तमानपत्रात जाहिरात आली. राज्याच्या पहिल्या वाढदिवसाला 'राजधानी के पुरखे' नावाचं एक दालन उघडणार होतं. जुन्या घराण्यांनी आपल्या पूर्वजांच्या तसबिरी आणून द्याव्यात, निवड झालेल्या कायमच्या लावल्या जातील, खाली नावाची पाटी. नीलकंठरावांनी ती जाहिरात तीनदा वाचली. सरकारी भिंतीवर विसाजीपंत, खाली पितळी अक्षरांत 'कमाविसदार', आणि पाटीसमोर उभा असलेला बँकेचा कॅशियर, असं सगळं त्यांना दिसू लागलं. मग विचार म्हणावं नागपूर.

तसबीर न्यायची तर ती चादरीत गुंडाळावी लागणार. मंदाकिनीबाईंनी नेमकं तिथेच आडवं लावलं. "तोंड झाकू नका. तोंड मुडद्याचं झाकते." म्हणून पंतांना गळ्यापर्यंत पांढरी चादर पांघरली, चेहरा उघडा ठेवला आणि सायकलरिक्षात टेकवून बसवलं. रिक्षात दुसऱ्याला जागा उरली नाही, तेव्हा नीलकंठराव पायरीवर उभे राहून एका हाताने पूर्वजांना धरून निघाले. गोल बाजारात गर्दीत रिक्षा अडकली. लोक बाजूला होऊन हात जोडू लागले. एका फुलवाल्या बाईने हार घातला, पैसे घेतले नाहीत. एक म्हातारा टोपी काढून जवळ आला आणि त्याने हलक्या आवाजात विचारलं, "कब शांत हुए?"

"अठराशे चौदा में," नीलकंठरावांनी खरं ते सांगितलं. म्हातारा बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला.

नव्या राज्यात खाती झटपट झाली, इमारती मागाहून व्हायच्या होत्या. पुरख्यांचं कार्यालय एका जुन्या शाळेच्या प्रयोगशाळेत भरत असे. कोपऱ्यात शिकवण्याचा सांगाडा तसाच टांगलेला होता आणि त्याच्या शेजारी प्रभारी अधिकारी मिश्राजी बसत. माणूस अतिशय मृदू. एवढ्या मृदूपणे त्यांनी फॉर्म पुढे केला की तीन प्रतींत भरायचा आहे हे नीलकंठरावांना बराच वेळ कळलंच नाही. पहिल्या रकान्यात चित्रातल्या व्यक्तीचं नाव. दुसऱ्यात अर्जदाराचं त्यांच्याशी नातं. तिसऱ्यात चित्रातल्या व्यक्तीचं मूल निवासी प्रमाणपत्र.

"यह तो दो सौ साल पहले के आदमी हैं," नीलकंठराव म्हणाले.

"तो पुराना वाला लगा दीजिए," मिश्राजी म्हणाले. "पैदा कहाँ हुए थे?"

"नागपुरकडे. म्हणजे, नागपुर साइड."

मिश्राजींनी पेन खाली ठेवलं. "बाहर के हुए न फिर. दालान तो यहाँ वालों का है. खैर, आप जमा कर दीजिए, देख लेंगे." आणि त्यांनी पावती दिली. पावतीवर लिहिलं होतं, 'एक पुरुष, चित्रित, पगड़ी सहित, पहचान अपुष्ट.' दोनशे वर्षं या गावात काढून विसाजीपंतांना मिळालेलं हे पहिलं सरकारी प्रमाणपत्र. नीलकंठरावांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि घरी कोणाला दाखवलं नाही.

पुढे आठ दिवसांत नरहरची हरकत आली. जमा झालेल्या तसबिरींची यादी पेपरात छापली होती, ती चौबे कॉलनीतही वाचली जात होती. नरहरचं म्हणणं असं की तसबिरीतला माणूस विसाजीपंत नव्हेच. ते त्यांचे धाकटे बंधू बापूजीपंत, म्हणजे नरहरच्या पातीचे मूळपुरुष. वाटणीत ती भिंत थोरल्या पातीकडे गेली म्हणून तसबीर तिकडे राहिली, एवढंच.

नीलकंठरावांनी चौबे कॉलनीत फोन लावला. "नरहर, तू हे काहून करून राहिला?"

"खरं तेच सांगून राहिलो, दादा. लढाईत बापूजीपंत गेले होते. तुमचे विसाजीपंत वसुलीवाले. वसुली करताना कोणाच्या हातावर वण येते का?"

"त्याईच्या मुठीत शिक्का आहे. शिक्का वसुलीवाल्याकडंच राहते."

"शिक्का नाही, जपमाळ आहे. बापूजीपंत धार्मिक होते."

"मग लढाईत काय जप करून राहिले होते?"

फोन तिकडून ठेवला गेला. मिश्राजींनी दोघांनाही मृदूपणे कळवलं की चित्रातला माणूस कोण हे ठरेपर्यंत चित्र भिंतीवर लागणार नाही, आणि कोणाला परतही मिळणार नाही.

आता घरोघरी एकच चर्चा. मूठ कशाची? बलदाऊ साहूला कोणी विचारलं नव्हतं, तरी तो तसबीर जमा झालेल्या जागी जाऊन पाहून आला. ओट्यावर बसून म्हणाला, "भैया, बुरा मत मानना. चालीस साल से बर्तन बेच रहा हूँ. वह हाथ डंडी पकड़ने वाला हाथ है. अँगूठा देखो, ऊपर दबा है. लंबी डंडी है." नीलकंठरावांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. लांब दांडी, म्हणजे राजदंड. त्याच दिवशी त्यांनी पुरवणी अर्ज दिला की पूर्वजांच्या हाती राजदंड होता, तो चित्रकाराच्या नजरचुकीने राहिला. साहूचं मत त्यांनी अर्जात 'धातु विशेषज्ञ' म्हणून जोडलं.

पण खरा हुकमाचा एक्का नाक होता. मिश्राजींनी 'चेहरे का मिलान' असं काहीतरी म्हटलं होतं, तेवढं पुरलं. नीलकंठराव फोटो स्टुडिओत गेले, तर बाकावर नरहर आधीच पाठ करून बसलेला. दोघांनी एकमेकांना ओळख दिली नाही. फोटोग्राफरने दोघांचेही एका बाजूने फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी पाकिटं देताना घोळ केला. कोणतं नाक कोणाचं, हे खुद्द मालकांनाही सांगता येईना. शेवटी शर्टाच्या कॉलरवरून वाटणी झाली. मग स्टॅम्पपेपरवर शपथपत्र, नोटरीची सही. 'मैं शपथपूर्वक कथन करता हूँ कि चित्र में अंकित व्यक्ति की नासिका तथा मेरी नासिका एक ही वंश की है, और मैं उक्त व्यक्ति का सीधा वंशज हूँ.' नरहरनेही शब्दशः हेच दिलं. नोटरी एकच होता.

श्रावणीने ते वाचलं आणि म्हणाली, "पापा, इससे तो बस यह प्रूफ हुआ कि आप दोनों भाई हो."

ते खरं होतं, म्हणूनच नीलकंठरावांना राग आला. रागाच्या भरात त्यांनी शेवटची चाल खेळली. तसबिरीच्या पाठीमागे मोडी लिपीतला एक कागद डकवलेला होता. वडील म्हणत ती सनद आहे. वडिलांना आजोबांनी सांगितलं होतं. मोडी घरात कोणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे सनदेबद्दल कधी शंका आली नाही. नीलकंठरावांनी अर्ज दिला की पाठीमागे भोसल्यांची सनद आहे, तीत नाव असणारच, ती वाचून घ्यावी. यालाच आपल्यात हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

मिश्राजींनी कागदाची झेरॉक्स काढून तात्यापाऱ्यातल्या श्रीपादकाकांकडे पाठवली. काका चौऱ्याऐंशी वर्षांचे, निवृत्त मास्तर, गावात मोडी वाचणारे ते एकटेच उरले होते. दोन दिवसांनी त्यांनी दोन्ही भावांना बोलावणं धाडलं. दोघंही इस्त्रीचे कपडे घालून गेले आणि खाटेच्या दोन टोकांना बसले. काकांनी भिंग पुसलं, घसा साफ केला आणि पाचवीच्या वर्गाला वाचून दाखवावं तसं वाचलं.

"'रावसाहेब विसाजीपंत तसबिरीस बसेनात. तसबीर काढिली म्हणजे आयुष्य उणे होते, ऐसे त्यांचे मनी. नागपुराहून चितारी येऊन आठ रोज फुकट जेवितो. सबब रावसाहेबांचा पोशाख व तलवार लेववून त्रिंबकभट आचारी यास बसविला. आचारी येथीलच जन्मला, मुदपाकखान्याचा दरवाजा सोडून हलेना, तेथेच बसविला. चुलीवर दूध होते, त्यावर नजर ठेवोन बसला. हाती झारा होता तो चितारियाने तसबिरीत उतरविला नाही. हे वर्तमान कोणास कळो न देणे.' खाली कारकुनाची सही."

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होईना.

नीलकंठरावांच्या डोळ्यांसमोर एकेक गोष्ट जागच्या जागी बसू लागली आणि ती थांबवता येईना. मूठ. झारा. वण नव्हे, उकळत्या तेलाचे शिंतोडे. नजर शत्रूवर नव्हे, दुधावर. आणि मीठ कमी पडलं की तिरपा होणारा माणूस. दोनशे वर्षं कमाविसदारांच्या पिढ्यान् पिढ्या एका आचाऱ्यापुढे आळणी आमटी वाढून हात जोडत होत्या.

पहिल्यांदा नरहर बोलला. आवाज बारीक झाला होता. "काका, आणि नाकाचं?"

"नाकाविषयी कागदात काही लिहिलेलं नाही," काका म्हणाले आणि भिंग डब्यात ठेवलं.

दोघं चुलतभाऊ एकमेकांच्या नाकाकडे पाहू लागले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी एकमेकांकडे नीट पाहिलं होतं. विसाजीपंतांचा चेहरा कोणी कधी पाहिलाच नव्हता. घराण्याचं म्हणून जे नाक दोघांनी शपथेवर लिहून दिलं होतं ते आचाऱ्याचं होतं. आणि आपण त्याचे सीधे वंशज आहोत, हेही दोघांनी नोटरीपुढे लिहून दिलं होतं. त्या घरात दोनशे वर्षांपूर्वी काय झालं होतं, झालं होतं की नव्हतं, हे आता विचारायला कोणी उरलं नव्हतं, आणि उरलं असतं तरी विचारायची हिंमत दोघांत नव्हती.

"काका," नीलकंठराव खाटेवरून पुढे सरकले, "हे आपल्यातच राहू द्या. तुम्ही अनुवादात नुसतं लिहा, कागद वाचता येत नाही."

"हो काका," नरहर म्हणाला, "दादा बरोबर म्हणून राहिले." दादा बरोबर म्हणतात, हे नरहरच्या तोंडून उभ्या जन्मात पहिल्यांदा निघालं होतं.

श्रीपादकाकांनी मान हलवली. "झाकली मूठ सव्वा लाखाची, खरं आहे. पण कार्यालयाचा नियम असा आहे की वाचणाऱ्याने अनुवाद थेट, बंद लिफाफ्यात पाठवायचा. मी सकाळीच रजिस्टर केला. हिंदीत केला, अक्षर सुवाच्य आहे."

घरी येऊन नीलकंठरावांनी मंदाकिनीबाईंना सगळं सांगितलं. त्या विळीवर भोपळा चिरत होत्या. ऐकता ऐकता चिरणं थांबलं. मग त्या म्हणाल्या, "तीस वर्षं मी शिव्या खाल्ल्या त्या आचाऱ्याच्या हातच्या. मले वाटे, कमाविसदाराले इतकी चव कुठून." आणि पुन्हा भोपळा चिरू लागल्या.

नीलकंठरावांनी ठरवलं की तसबिरीचं नाव पुन्हा काढायचं नाही. राहू दे तिथेच, सांगाड्याजवळ. पण दिवाणखान्याच्या भिंतीवर तसबिरीच्या जागी फिकट चौकोन उरला होता आणि जाता-येता नजर तिकडेच जाई. लहानपणी त्यांची आई गेली तेव्हा घरात माणसं भरली होती आणि त्यांना कोणी जवळ घेतलं नव्हतं. ते याच तसबिरीखाली बसून राहिले होते. तिरकी नजर दाराकडे आहे, आपण शाळेतून यायची वाट पाहते आहे, असं त्यांना वाटायचं. मॅट्रिकला बसताना त्यांनी इथेच नमस्कार केला होता, नोकरी लागली तेव्हा पेढा इथेच ठेवला होता. ज्याला त्यांनी आपला म्हटलं तो हाच चेहरा. विसाजीपंतांशी त्यांची कधी भेटच झाली नव्हती. हे लक्षात आलं तेव्हा नीलकंठरावांना इतकं रडू आलं की त्यांनी पंखा मोठा केला.

सर्वपित्री सोमवारी होती. "पान कोणापुढं वाढू?" मंदाकिनीबाईंनी शनिवारी विचारलं. "चौकोनापुढं?"

नीलकंठराव नाक मुठीत धरून कार्यालयात गेले. बरोबर नरहर होता, न बोलावता आलेला. मिश्राजी त्यांना पाहून खुर्चीतून उठले. इतके खूश ते कधी दिसले नव्हते.

"बधाई हो. आपकी तस्वीर तो सबसे पहले लगेगी. देखिए, सब तरफ़ से दीवान, ज़मींदार, मालगुज़ार ही आ रहे थे. ऊपर से पूछ रहे थे, कोई आम आदमी नहीं है क्या? और यह निकले रसोइया. और यहीं के जन्मे हुए. मूल निवासी वाला कॉलम अपने आप भर गया."

"मले तसबीर परत पाहिजे," नीलकंठराव मराठीतच म्हणाले. हिंदी त्यांना त्या क्षणी सुचली नाही.

मिश्राजींना तेवढं मराठी समजत होतं. ते दुःखी झाले. नियम काढून पाहिले. जमा झालेलं चित्र परत मिळतं, पण फक्त चित्रातल्या माणसाच्या वारसाला. कमाविसदार हे मालक असतील, पण चित्र त्रिंबकभटांचं आहे. वारस कोण? मग त्यांनी फायलीची पानं उलटली आणि त्यांचा चेहरा, मदत करता आली की होतो तसा, समाधानी झाला.

"अरे, यह तो आपने दे ही रखा है. दोनों भाइयों का शपथपत्र, फ़ोटो सहित. सीधे वंशज. बस यहाँ नाम भरकर दस्तख़त कर दीजिए."

फॉर्म तोच होता, तीन प्रतींत. व्यक्तीचं नाव, नातं, मूल निवास. नीलकंठरावांनी पेन घेतलं. जून महिन्यात याच रकान्यात त्यांनी 'विसाजीपंत' केवढ्या झोकदार अक्षरात लिहिलं होतं. पितळी पाटी, कॅशियर, कमाविसदार हे नाव, सगळं त्या एका ओळीवर होतं, आणि ती ओळ आता त्यांच्याच हाताने खोडायची होती. त्यांनी कोपऱ्यातल्या सांगाड्याकडे पाहिलं. त्याला कोणी कधी विचारलं नव्हतं, तू कोणाचा. त्यांना त्याचा हेवा वाटला.

मग त्यांनी लिहिलं. त्रिंबकभट आचारी. नातं, पूर्वज. मूल निवास, रायपूर. तीनदा लिहिलं. साक्षीदार म्हणून नरहरने सही केली आणि सही करताना तो हळूच म्हणाला, "दादा, सोमवारी पानाले मीबी येतो."

सोमवारी सकाळी तसबीर परत आली, रिक्षातून, गळ्यापर्यंत चादर पांघरून. गोल बाजारात यावेळी कोणी हात जोडले नाहीत. फक्त बलदाऊ साहू दुकानातून उतरून रिक्षाबरोबर चालत आला. बातमी त्याला कळली होती, पारा म्हणजे मोहल्ला, तो लहान असतो. ओट्याशी पोचल्यावर तो म्हणाला, "तो भैया, तुम तो हमारे ही निकले. अब मकान बेचने का सवाल ही नहीं."

वर्षभर जे ऐकायला नीलकंठरावांचे कान आसुसले होते ते हेच होतं. आता ऐकलं आणि त्यांना काय वाटावं ते कळेना. "हव," एवढंच ते म्हणाले.

श्रावणीने भिंतीत नवा खिळा ठोकून घेतला होता, आत लाकडी गुल्ली घालून. दोरीही नवी बांधली. "अब नहीं हिलेगी," ती म्हणाली. पान वाढलं. आमटी, भात, भोपळ्याची भाजी, खीर, वडे. मंदाकिनीबाई एका बाजूला, नीलकंठराव आणि नरहर दुसऱ्या बाजूला, दोन नाकं एका दिशेने. सगळ्यांनी हात जोडले. कोणाचं नाव घ्यायचं हे आधी ठरलं नव्हतं. "आचारीबाबा," नीलकंठराव पुटपुटले.

आणि नव्या खिळ्यावर, नव्या दोरीवर तसबीर सावकाश डावीकडे झुकली.

मंदाकिनीबाईंनी यंदा मान खाली घातली नाही. त्या सरळ तसबिरीकडे पाहत राहिल्या, एका स्वयंपाकिणीने दुसऱ्या स्वयंपाक्याकडे पाहावं तशा. "न चाखता करून पाहा म्हणा त्याईले," त्या म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

नीलकंठराव उठले. स्वयंपाकघरात गेले. एकसष्ट वर्षं या घरात राहून मिठाचा डबा कुठे असतो हे त्यांना माहीत नव्हतं. दोन डबे चुकीचे उघडले, तिसऱ्यात मीठ सापडलं. ते चिमटीत घेऊन ते बाहेर आले, आमटीत घातलं, वाटी हलवली आणि वर न पाहता म्हणाले, "आता बघा, पुरलं का."